प्रभावळीवरची बोटं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही तोंडावर काही विचारणार नाही, म्हणून असेल.

निघोज्यात आमच्या वस्तीजवळ, अगदी नदीकाठी, देवीचं देऊळ आहे. देवीमागची पितळेची प्रभावळ तिथल्या ओलीनं आठवड्यात काळी पडायची. सोजरमावशी दर सोमवारी ती चिंचेनं घासायची. तिला मागेपुढे कुणी नव्हतं – तेवढं एक काम ती आपलं म्हणायची.

मी चाकणला कंपनीत पेंट शॉपला. आधी पत्रे दाबायच्या प्रेसवर होतो. तिथे उजव्या हाताची तर्जनी अर्धी गेली. एकदा देवळात बढाई मारली – पितळेवर लॅकरचा पारदर्शक थर देतो, वर्षभर काळं पडलं तर नाव बदला माझं!

"मग म्या काय करू, लेकरा?" मावशी हसली. "बरं, देवीचं चांगलं व्हत आसंल तर कर."

नियम साधा आहे. घासलेल्या पितळेला उघड्या हातानं शिवायचं नाही. घाम थराखाली अडकतो आणि तिथेच काळं पडतं. कंपनीत नव्या माणसांना हे मीच शिकवतो. पण प्रभावळीला थर दिला त्या दिवशी शिफ्टची बस चुकेल म्हणून हातमोजे शोधले नाहीत – बस्स, एवढंच.

दोन महिन्यांनी कडेला काळे डाग उठले. मंडळी जमली. मावशीनं सवयीनं चिंच लावली असणार, कुणीतरी म्हणालं. सगळे माझ्याकडे बघायला लागले – जाणकार मीच ना? आणि मी... मी मान हलवली. "चिंचेनं लॅकर जातो," म्हणालो.

मावशी वाकून डागांकडे बघत राहिली. एका हाताची बोटं होती ती – तीन पुरी, अंगठ्याजवळचं अर्धं. मग तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. मी तो खिशात घातला.

"आसंल," ती म्हणाली. "माझाच हात लागला आसंल."

मंडळींनी तिच्याकडून गाभाऱ्याची किल्ली काढून घेतली. डाग मी गुपचूप उतरवले, हातमोजे घालून नवा थर दिला. प्रभावळ आजही लख्ख आहे. लोक माझं कौतुक करतात – मी करून घेतो.

मावशी त्यानंतर वर्षभर जगली. दर सोमवारी पायरीवर बसायची, रिकाम्या हातांनी. कामावर जाताना मी तिच्यासमोरूनच जायचो. ती विचारायची, "जेवलास का, लेकरा?"

मी "हो" म्हणायचो.