चौथा डोस

मी रेल्वेतला माणूस. सिग्नल पडलेला दिसल्याशिवाय गाडी आली असंसुद्धा मानत नाही, तिथं भुताखेतांचं काय घेऊन बसलात! (पालीला घाबरतो, पण ती गोष्ट वेगळी.)

भिलाईचा पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हाचं हे. आम्ही नागपूरकडून नुकतेच तिथं आलो होतो. सेक्टरमधले क्वार्टर सगळे एकसारखे – आपलं ओळखू यावं म्हणून बायकोनं दारावर फुटकं सूप टांगलेलं. ओळखीचा डॉक्टर एकही नाही, आणि चार वर्षांची कुमुद तापानं फणफणलेली. श्वास घेताना बरगड्या आत जायच्या...

"अवो, पाहून काय राहिले? जा ना!" बायकोनं रिकामी बाटली हातात कोंबली. औषधाला बाटली घरूनच न्यायची तेव्हा.

सायकलनं दुर्ग गाठलं. तिथले डॉक्टर उतई गावाला गेलेले. भर दुपारी तशीच रिकामी बाटली घेऊन परतलो, तर आमच्या मागच्या ओळीत, शेवटच्या क्वार्टरच्या दारावर खडूनं लिहिलेलं – 'डॉक्टर'.

आत एक चष्मेवाले गृहस्थ. सगळं ऐकून म्हणाले, "कावून थरथरून राहिले? पोरगी बिमार आहे का तुम्ही?" लाल मिक्श्चर भरलं. डोस मोजायची कागदी पट्टी कातरली – नेहमीच्या खाचा नाहीत, जिन्यासारख्या पायऱ्या – आणि बाटलीला चिकटवली.

"तीन पाजा. चौथा ठेवून द्या."

कुणासाठी, हे विचारायची शुद्ध कुणाला होती!

तिसऱ्या डोसानंतर घाम फुटला. कुमुदनं भात मागितला.

दुसऱ्या दिवशी सांगायला गेलो, तर तिथं नुसत्या विटांच्या भिंती. दार नाही, छप्पर नाही. गवंडी हसला, "इहाँ डॉक्टर कहाँ ले आही? छत घलो नइ पड़े हे!"

"एवढी लाइन सांभाळता, अन् गल्लीत चुकले!" बायको म्हणाली. मीही तसंच धरून चाललो. सगळ्या ओळी पालथ्या घातल्या... खडूचं अक्षर कुठंच नाही.

पाचेक महिन्यांनी त्या क्वार्टरवर छत चढलं, आणि राहायला आले ते – डॉक्टर! तोच चष्मा, तोच आवाज. मी बाटली पुढं केली.

"मी तर या मंगळवारी पहिल्यांदा उतरलो दुर्गला," ते म्हणाले. मग पट्टीवरून बोट फिरवलं. "कातरलेली माझ्याच हातची आहे..." बूच काढून वास घेतला. चेहरा उतरला. बूच घट्ट दाबलं.

"फेकू नका. ठेवा."

"पण कुणासाठी?"

"मले काय मालूम, भाऊ!"

आता तेच आमचे फॅमिली डॉक्टर. उलगडा त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे तर नाहीच. घरात कुणी नुसतं शिंकलं, तरी मी आधी फडताळातल्या त्या बाटलीकडे बघतो.