अनुमोदक नसलेला ठराव

निवृत्तीनंतर आम्ही खराडीत फ्लॅट घेतला. कॉलेजात जन्मभर शिकवलेलं राज्यशास्त्र इथे तरी उपयोगी पडेल, असं मला वाटलं होतं. जुनं रोम आणि आजची अमेरिका यांच्या शासनपद्धतींची तुलना हा माझा हातखंडा विषय. रोमनांनी राजा हाकलला आणि त्याच्या जागी दोन प्रमुख नेमले, तेही वर्षापुरते; एकाने दुसऱ्याला अडवायचं. अमेरिकेने रोमचं सिनेट नावासकट उचललं, पण प्रमुख एकच ठेवला, चार वर्षांसाठी, आणि त्याला अडवायचं काम संसदेवर आणि कोर्टावर सोपवलं. दोन्हीकडे सगळी मदार कुणीतरी उठून 'नको' म्हणण्यावर.

आमच्या सोसायटीची सभा दरवर्षी गणसंख्येअभावी तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच पार्किंगमध्ये, त्याच मूठभर लोकांत पुन्हा भरते. तेव्हा गणसंख्या लागत नाही. यंदाचा ठराव होता, निवडणूक न घेता आहेत तेच चेअरमन पुढे चालू ठेवावेत. मी उठलो. म्हटलं, रोममध्येही संकटापुरती सगळी सत्ता एकाला द्यायचे, सहा महिन्यांसाठी. पुढे एकाला तहहयात दिली आणि प्रजासत्ताक संपलं. अमेरिकेची संसदही हल्ली आपले अधिकार आपणहून अध्यक्षाकडे सरकवते आहे. तेव्हा निवडणूक घ्यावी, असा माझा उलट ठराव.

चेअरमन सभ्य माणूस. म्हणाले, "सर, व्याख्यान उत्तमच. अनुमोदक कोण?"

एक पुरे होता. कुणी मोबाईल बघितला, कुणी वेफर्सची प्लेट. आमच्याकडे घरातल्या कुणाचंही अनुमोदन चालतं, म्हणून मी शेजारी बायकोकडे बघितलं. माझं प्रत्येक व्याख्यान वर्गाआधी तिने ऐकलेलं. ती पर्सची चेन लावत बसली. माझा ठराव बारगळला.

लिफ्टमध्ये मी बटण जरा जोरातच दाबलं. तीच म्हणाली, "अहो, टँकर कुणाच्या ओळखीने येतो? तुमच्या त्या दोन प्रमुखांपैकी कुठला पाणी आणणार होता?"

मला भयंकर राग आला. रोमन माणूस गप्प का बसला, हे मी मुलांना वर्षानुवर्षं लिहून दिलं होतं: वेळेवर मिळणारं धान्य, भीती आणि थकवा. हे सगळं दूरच्या लोकांबद्दल आहे, असंच मी समजत होतो.

सकाळी टँकर आला. बायकोने हाक मारली, पाणी आहे तोवर भरून घ्या. मी निमूटपणे नळाखाली बादली लावली.