अण्णांच्या कॉम्प्युटरचा आवाज

शेजारचे अण्णा ओरडूनच बोलायचे. "ताई, चहा घेता का?" असं त्यांनी विचारलं की आमच्या शुक्रवार पेठेतल्या अर्ध्या गल्लीला चहाची तल्लफ यायची. उभा जन्म यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेला. कानांचा भरवसा नाही म्हणून माग नीट चाललाय का, हे ते त्यावर तळहात ठेवून ओळखायचे.

काम सुटल्यावर माणसं भजनी मंडळात जातात, नातवंडं सांभाळतात. या गृहस्थांनी मुलाचा जुना कॉम्प्युटर पुढ्यात ओढला आणि त्यावर जगात मूठभर लोक वापरतात अशी कुठलीशी ऑपरेटिंग सिस्टीम चढवली. का, ते विचारू नका. मी विचारलं, तर म्हणाले, "सगळे वापरतेत तेच वापरून काय करायचं, सांगा की!" कपाळ माझं!

तिच्यावर बाकी सगळं चालायचं, फक्त आवाज येत नव्हता. मग साउंड कार्डाचा ड्रायव्हर दुसऱ्या सिस्टीममधून उचलून हिच्यात बसवायचा ध्यास लागला. "घरात आमी तेलुगू, तुमी मराठी. मधी दुभाष्या लागतो का न्हाई? ड्रायव्हर म्हंजे तेच." एवढं मला कळलं. त्याच्या पुढचं त्यांनाही कळत नव्हतं. एक ओळ बदलायची, सनईची एक फाईल लावायची, स्पीकरला कान लावायचा आणि म्हणायचं, "काय कळंना बघा!" तेही खुशीत! मीच वैतागायचे.

एकदा म्हटलं, "अण्णा, सोडा की हा नाद." तेव्हा ते पहिल्यांदाच हळू बोलले. "डॉक्टर म्हणलेत, उरलेलं ऐकूबी जाणार. त्याच्या आत ह्याला बोलतं करायचंय." मला फार वाईट वाटलं.

एका सकाळी त्यांची वाटी परत द्यायला गेले, तर दारातच सनईचे सूर ऐकू आले. अण्णा पाठमोरे बसून लिहिलेल्या ओळी पुसत होते.

मी समोर जाऊन उभी राहिले. "आजबी न्हाई," ते ओरडले.

"अहो अण्णा, वाजतंय की!" मी स्पीकरकडे बोट दाखवलं.

"कुटं?"

आतून त्यांची बायको, अक्का, आल्या. "अगं बाई! ते तर परवापासनं वाजतंय. मला वाटलं, हे ऐकत बसलेत."

अण्णा गोंधळून एकदा अक्कांकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी स्पीकरवर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"व्हय की," ते म्हणाले. "चाललाय." आणि ढसाढसा रडले.

अण्णा गेले त्याला आता वर्ष होत आलं. अक्का दिवेलागणीला तो कॉम्प्युटर चालू करतात, सनई लावतात. मी हटकून जाते. माझे कान चांगले शाबूत आहेत, तरी स्पीकरवर हात ठेवते. का, ते काय कळंना बघा.