ओल्या गोणपाटाखाली

खोटं कशाला बोलू, माझ्या धाकट्या जावेचं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखतं. लग्न होऊन आली तीच प्रयोगशाळेतली नोकरी घेऊन. पांढरा कोट, खिशाला दोन पेनं, आणि बोलणं इतकं हळू की ऐकणाऱ्यानेच पुढे सरकायचं. सासूबाई तर पहिल्याच आठवड्यात विरघळल्या.

आमच्या सासूबाई म्हणजे भाजल्यावरच्या मलमाच्या बाई. अंगावर चहा सांडलेली पोरं, इस्त्रीचा चटका बसलेले शिंपी, सगळे आमच्याच दारात. मलम लावायच्या त्या, धीर द्यायच्या त्या, आणि लोक म्हणायचे, "तुमच्या हाताला गुण आहे हो!" पाला वाटणारे हात मागच्या खोलीत. ते माझे. सव्वीस वर्षं झाली.

एक दिवस धाकटी म्हणाली, "आई, आपलं मलम तपासून बघूया? आमच्या प्रयोगशाळेतल्या साहेबांनी तीन खेपांची परवानगी दिलीय." झालं! सासूबाई खुर्चीत आणि ही पायाशी वही घेऊन. पाला किती, तेल किती, आच किती. मला सव्वीस वर्षांत कधी असं जवळ बसवून घेतलं नाही, आणि कालच्या पोरीला सगळं भांडार खुलं! माझा नुसता जळफळाट.

घरची बरणी म्हणे चालत नाही, मलम प्रयोगशाळेतच, डोळ्यांसमोर बनवायला हवं. मग जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीत त्याचा थेंब टाकायचा. औषधात दम असेल तर थेंबाभोवती स्वच्छ कडं उमटतं. पहिल्या खेपेला उमटलं नाही. दुसऱ्या खेपेलाही नाही. धाकटी तोंड पाडून घरी आली आणि मला, आता सांगूनच टाकते, आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

कारण मला ठाऊक होतं ना! नवी नवरी होते तेव्हा तो खरबरीत पाला वाटून माझे हात सोलून निघायचे. म्हणून मी तो ओल्या गोणपाटाखाली दोन दिवस दाबून ठेवायला लागले. काळा पडतो, आंबूस वास मारतो, पण लोण्यासारखा वाटला जातो. त्याआधी मलमाचा गुण कधी यायचा, कधी नाही. त्यानंतर मात्र कुणी तक्रार घेऊन आलं नाही. सासूबाईंना याचा पत्ताच नव्हता, गुडघ्यांमुळे त्या मागच्या खोलीत फिरकायच्या नाहीत. त्यांनी ताजा पाला सांगितला, हिने ताजा घेतला. मी मूग गिळून गप्प.

तिसऱ्या खेपेला चार दिवस राहिले होते. सासूबाई मांडीवर बरणी घेऊन बसल्या होत्या. झाकण लावत म्हणाल्या, "जखमा आपल्या आपणच बऱ्या होत असतील गं. मी उगीच लोकांच्या अंगाला चिखल फासत राहिले. आता याही वेळी काही निघालं नाही तर मलम बंद. मग पाला आणू नकोस."

चिखल? माझ्या सव्वीस वर्षांना चिखल? अशा मिरच्या झोंबल्या म्हणता! धाकटी तोंडावर आपटावी म्हणून मी टपून बसले होते, आणि आपटत होते मीच.

त्याच दुपारी पाला गोणपाटाखाली घातला. तिसऱ्या खेपेच्या दिवशी स्टीलच्या डब्यात भरून तिच्या टेबलावर नेऊन आदळला.

तिने झाकण उघडून नाक आक्रसलं. "ताई, हा कुजलाय."

"कुजला नाही, मुरलाय. घे आणि कर मलम."

दुसऱ्या दिवशी तिने मला बोलावून बशी दाखवली. थेंबाभोवती नखाएवढं कडं, लख्ख. "एका कड्याने औषध ठरत नाही हं," ती म्हणाली, "अजून पुष्कळ तपासण्या आहेत." पण हसत होती. मग हसू आवरून म्हणाली, "इतके दिवस सांगितलं का नाहीत?"

"मला विचारलं कुणी?" मी फणकारले. "सगळी चौकशी आईंकडे! मी कोण? पाला वाटणारी!"

तिने वही काढून पहिलं पान उघडलं, सासूबाईंच्या पानांच्याही आधीचं. वर लिहिलं होतं, 'मलम बनवणाऱ्या: थोरल्या ताई.' खाली माझंच वाक्य, 'मला मेलीला काय कळतंय? तुझ्या लाडक्या सासूबाईंना विचार.' बाकी पान कोरं.

आठवलं. मलम तपासायचं ठरलं, त्या पहिल्याच दिवशी ती वही घेऊन मागच्या खोलीत आली होती. मी मान वर न करता तिला वाटेला लावलं होतं. चार महिने तिने ते पान माझ्यासाठी राखून ठेवलं होतं.

"आता सांगा," तिने पेन उघडलं.

मी गोणपाटापासून सुरुवात केली. मधेच मी थांबले, तर तिचं पेनही थांबलं. मी वहीत पाहिलं. मेलीचं अक्षरसुद्धा माझ्याहून चांगलं.