आवाज मोजणाऱ्या राणेबाई

राणेबाई आमच्या मुलुंडच्या कारखान्यात पहिल्यांदा आल्या त्या यंत्रं सुरू व्हायच्या आधी. अख्खी शेड गप्प, आणि बाई मीटरच्या काट्याकडे बघत उभ्या. मी देखभाल विभागातला, जरा आगाऊच. म्हटलं, "बाई, आवाज सुरू तरी होऊ दे ना!"

त्या हसल्या नाहीत. "आधी शांतता किती आहे ते कळू दे. मग यंत्रांना दोष देऊ."

ऐंशीच्या दशकात आवाजासाठी इंजिनीयर, तीही बाई, याची आमच्याकडे चेष्टाच व्हायची. साहेबांना बाईंची सही घेऊन गोंगाटाचा प्रश्न मिटवायचा होता. त्यांनी कानात घालायचे बोळे वाटले आणि न घालणाऱ्याला घरी पाठवायची नोटीस लावली. एकटे गणपतदादा अडून बसले. पत्रा कापायच्या प्रेसवरचा सगळ्यात जुना, मालवणकडचा माणूस. "ह्यां कानात घातलां तर बोटां जातली," ते म्हणाले. क्लच कधी चुकून सुटला की दट्ट्या आपोआप दुसऱ्यांदा खाली येई. त्याआधी बारीक 'टिक्' वाजे. तेवढ्यात हात काढायचा.

बाई वाद घालत बसल्या नाहीत. बोळे घालून स्वतः प्रेसवर बसल्या. उठल्यावर म्हणाल्या, "दादा बरोबर आहेत. माणसाचे कान बुजवू नका, यंत्राचं तोंड आवरा."

मग त्यांनी गोंगाट चाळून काढला, जाड आवाज वेगळे, बारीक वेगळे. कानठळ्या प्रेसच्या ठोक्याने बसत नव्हत्याच. कापलेला तुकडा उडवायला हवेचा झोत सोडत, त्याची ती शिट्टी होती. सुट्टीच्या दिवशी बाई, दादा आणि मी, आम्ही तिघांनी त्या नळीचं तोंड बदललं. शिट्टी गेली. बाई खुशीत म्हणाल्या, "आता क्लच सोडून बघ."

मी सोडला. टिक्. दारापाशी उभ्या बाईंनाही ऐकू आलं.

"सोड रे," गणपतदादा म्हणाले.

"सोडला, दादा."

पुन्हा सोडला. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. वर्षानुवर्षांचा गोंगाट कानातले आधी बारीक आवाज खातो, हे बाईंनी मला नंतर समजावलं. ज्या आवाजाच्या भरवशावर दादा साच्यात हात घालत होते, तो त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता.

"बाईनू, सायबाक सांगू नकात. प्रेस गेली तर माका कोण विचारतलो?"

बाईंचे डोळे भरून आले. "सांगणार, दादा. कान मला परत आणता येत नाहीत. बोटं अजून आहेत."

दादांना पॅकिंगला बसवलं. प्रेसवरचा त्यांचा मान गेला, आणि त्यांनी बाईंशी बोलणं टाकलं. बाई मात्र रोज त्यांच्या टेबलाशी थांबून चौकशी करायच्या. मला दादांचा राग यायचा. बाई म्हणायच्या, "रागावू दे रे. त्यांचं खरंच गेलंय."

काही वर्षांनी बाई अकाली गेल्या. घाटकोपरला त्यांच्या घरी सगळे कुजबुजत बसले होते. गणपतदादा आले, बाईंपाशी वाकले आणि दोन्ही पंजे त्यांच्यापुढे पसरून, ऐकू न येणाऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात म्हणाले, "बाईनू, बगा! सगळी आसत!"

कुणीही त्यांना हळू बोला म्हणालं नाही.