यमुनेचं उत्तर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आज का सांगतेय—ते मलाही नीट ठाऊक नाही.

नव्वदच्या दशकात नाशिकच्या एका संस्थेत मी विज्ञान शिकवायचे. मदत परदेशातून यायची. सूक्ष्मदर्शक, चुंबक, बॅटऱ्या जीपमध्ये घालून आम्ही पेठ तालुक्यातल्या पाड्यांवर जायचो. काम चांगलंच होतं. म्हणून तर—असो.

एका पाड्यावर यमुना होती, सातवीतली. झऱ्याची धार बारीक. हंडा भरेस्तोवर बायका ताटकळत बसायच्या. यमुनेने सेल, वायर आणि मोडक्या खेळण्यातला भोंगा जोडून हंडा भरला की वाजणारी घंटी केली. मी नुसतं सर्किट शिकवलं होतं. पुढचं सगळं तिचं.

मदत देणारे पाहुणे पाड्यावर आले, घंटी वाजली आणि सगळे तिच्याभोवती जमले. दुभाषी मीच. त्यांच्यातल्या एका वयस्कर बाईंनी विचारलं, तुला काय हवंय? यमुना माझ्याकडे बघून म्हणाली, “सातवीपुढं इथं साळा नाय. माला नाशिकला शिकाया न्या म्हणावं.”

एवढंच तर इंग्रजीत सांगायचं होतं.

पण ते पाहुणे एका शिक्षिकेला त्यांच्या देशात प्रशिक्षणाला नेणार, असं माझ्या कानावर आलं होतं. आणि सकाळपासून माझ्याकडे कुणी पाहिलंही नव्हतं. एवढ्याशा पोरीचा हेवा वाटावा? वाटला. मी सांगितलं—ती म्हणतेय, आमच्या बाईंना आणखी शिकायला मिळू दे, म्हणजे त्या आम्हाला शिकवतील.

त्या वयस्कर बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी यमुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. तिला वाटलं, झालं काम. जीपपाशी येऊन तिने विचारलं, काय म्हणाले? बघतो म्हणाले, असं मी सांगितलं.

मी परदेशी जाऊन आले. आल्यावर मला दुसरा तालुका मिळाला—मिळाला कसला, मीच मागून घेतला.

पुष्कळ वर्षांनी दिंडोरीतल्या एका शाळेत जाताना शेजारच्या द्राक्षबागेतून कुणीतरी हाक मारली. यमुना. द्राक्षं तोडायला आलेली, पाठीशी मूल बांधलेलं. सोबतच्या बायकांना ती कौतुकाने सांगू लागली, “ह्या आमच्या बाई. माझ्यासाठी गोऱ्या पाहुण्यांशी बोलल्या व्हत्या.”

मी हो म्हणून मान हलवली. तिने सरकून मला सावलीत जागा करून दिली.

मी बसले.