चार म्हणजे पाणी

गाडी दारात आली की तो बॉनेट उघडायचा, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून मालवणीत विचारायचा, "सांग बाबा, खंय दुखता?" मुलुंडला त्याचं गॅरेज आणि माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान यांची भिंत एकच होती. असा एखादा मेकॅनिक तुम्हीही पाहिला असेल, पण आमच्याकडच्याचा कान म्हणजे कान! कुठला व्हॉल्व्ह बिघडलाय ते तो ऐकून सांगायचा आणि ते बरोबर निघायचं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तो मला हाका मारू लागला. "भाऊ, जरा तू ऐक. काय म्हणता तो?" मला वाटायचं, चेष्टा करतोय. एकदा चहा पिताना तो म्हणाला, "उजवो कान गेलो. डावोय जाता हा. कान गेल्यार कसलो मेकॅनिक? दिवाळी झाली की टाळा लावतंय आणि गावाक जातंय."

त्याच महिन्यात आखातातून परतलेले एक गृहस्थ आपली जपानी गाडी घेऊन आले. गाडी काळा धूर ओकत होती. "कॉम्प्युटर गेला, बाहेरून मागवा," असं दोन-तीन ठिकाणी ऐकून ते रडकुंडीला आले होते.

आमच्या मेकॅनिकने सवयीने पेट्रोलात हवा मिसळणारा कार्ब्युरेटर शोधला. तो नव्हताच! सीटखाली पत्र्याचा एक डबा मात्र होता. त्याने मला ओढत नेलं. मालकांकडे गाडीचं दुरुस्तीचं पुस्तक होतं. मी वाचत गेलो आणि चाट पडलो. हवा किती आत आली, पाणी किती तापलं, इंजिन किती वेगाने फिरतंय, सगळ्या खबरा तारांनी त्या डब्याकडे जात होत्या आणि पेट्रोल किती फवारायचं ते डबा क्षणोक्षणी ठरवत होता. शिवाय काय बिनसलंय ते डब्यावरचा तांबडा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून सांगणार होता!

तो सीटपाशी उकिडवा बसला आणि दिव्याचं लुकलुकणं बोटांवर मोजू लागला. एक, दोन, तीन, चार. जरा थांबून पुन्हा चार.

"चार म्हणजे काय रे?"

"पाणी!" मी पुस्तकातून मान वर करून ओरडलो. "पाण्याचं तापमान!"

आता आम्हाला दम निघेना. टपरीवरून उकळतं पाणी आणलं, पाण्याची खबर देणारा सेन्सर काढून त्यात बुडवला, माझा मीटर लावला. काटा झकास हलला.

"ह्यो बरो आसा. मदली तार मेली!" असं म्हणत त्याने तारेवरून बोटं फिरवली आणि उंदराने कुरतडलेली जागा शोधून काढली. खबर पोचत नव्हती, म्हणून तापलेल्या इंजिनाला थंड समजून डबा पेट्रोल पाजत सुटला होता. मी तार जोडली. गाडी सुरू झाली, धूर गेला, दिवाही गप्प झाला.

"भाऊ, ह्यो डोळ्यांशी बोलता रे! आता कान कोणाक व्हयो!" त्याने मला ग्रीसच्या हातांनी मिठी मारली. शर्ट फुकट गेला. मला इतका आनंद झाला होता की त्याचं काहीच वाटलं नाही.

दिवाळी झाली. टाळं लागलं नाही. तशा गाड्या मोजक्याच होत्या, पण त्या कुर्ल्या-गोवंडीहूनही त्याला शोधत यायच्या.

पुढे तो ठार बहिरा झाला. चहाला बोलवायचं तर मी दाराबाहेरचा दिवा चारदा चालू-बंद करायचो. चार म्हणजे पाणी. तो यायचा, मलाच विचारायचा, "सांग बाबा, खंय दुखता?" आणि उत्तर ऐकू येणार नाही म्हणून माझ्या चेहऱ्याकडे बघत राहायचा. त्याच्यापासून मला काही लपवता आलं नाही.

त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. दाराबाहेर आता ट्यूबलाइट आहे. परवा संध्याकाळी बटण दाबलं, तर ती पेटता पेटता चारदा लुकलुकली. मी दोन ग्लासांत चहा ओतला आणि दाराकडे बघत बसलो.